फोनवरचे आईबाबा, बाकावरची मैत्रीण

(दृश्य: गावाबाहेरचा बसथांबा, चाकांच्या बॅगा)

वसंतोत्सव, म्हणजे चिनी नववर्षाची सुट्टी, संपला की चीनच्या ग्वेइचौ, सिचुआन, आन्हुई या प्रांतांमधली खेडी ओस पडतात. आईवडील किनारपट्टीच्या कारखान्यांकडे परततात, मुलं आजीआजोबांपाशी राहतात. 2013 मध्ये अशा मुलांचा आकडा 6 कोटी 10 लाख सांगितला गेला. 2016 मध्ये तो 90 लाखांवर आला. इतके पालक घरी परतले? नाही, व्याख्या आवळली. आधी दोघांपैकी एक जण बाहेरगावी असला तरी मूल मोजलं जाई आणि वयाची मर्यादा 18 होती. आता दोघंही बाहेर हवेत, किंवा मागे राहिलेला सांभाळायला असमर्थ, आणि वय 16 च्या आत.

मुलांना सोबत का नेत नाहीत? कुटुंबाची सरकारी नोंद, म्हणजे हुकोऊ, गावची असते. शहरात सरकारी शाळा मिळणं कठीण, आणि काओखाओ ही विद्यापीठ प्रवेशपरीक्षा बहुतेकदा नोंदीच्याच प्रांतात द्यावी लागते.

(दृश्य: निवासी शाळा, दुमजली खाटा)

2001 नंतर गावोगावच्या छोट्या शाळा एकत्र केल्या गेल्या, त्यामुळे अनेक मुलं वसतिगृहात आली. इथे विषयागणिक शिक्षक बदलतात, वर्गातली मुलं मात्र सहसा तीन वर्षं तीच. रात्री पुन्हा स्वाध्यायाचे तास. मैत्री जुळली तर दिवसरात्र आधार. बिनसली तर पळायला जागा नाही.

या आधाराचा मुलाच्या आत्मसन्मानाशी काय संबंध? आत्मसन्मान मोजायला बहुधा समाजशास्त्रज्ञ रोझेनबर्ग यांची 1965 ची प्रश्नावली वापरतात. दहा विधानं, प्रत्येकी 1 ते 4 गुण. घोळ होतो आठव्यात: ‘मला स्वतःबद्दल आणखी आदर वाटला असता तर बरं झालं असतं.’ होकार दिला की गुण कमी. पण स्वतःला सतत सुधारत राहणं हेच जिथे चांगल्या मुलाचं लक्षण, तिथे आनंदी मुलंही बेधडक हो म्हणतात. काही संशोधक हे विधान गाळतात. चिनी मुलांचा आत्मसन्मान कमी असल्याची बातमी वाचलीत, तर आधी आठव्याचं काय केलं ते बघा.

घरचं नातं आणि मैत्री, दोन्ही घट्ट असलेल्या मुलांत आत्मसन्मान जास्त आढळतो. कशामुळे काय, हे एकाच वेळच्या पाहणीतून कळत नाही. स्वतःवर भरवसा असलेलं मूल मित्रही पटकन जोडतं. नातं तपासताना विश्वास, संवाद आणि परकेपणा असे तीन धागे पाहतात.

(दृश्य: मोबाईलवर व्हिडिओ कॉल)

“जेवलीस का? अभ्यास झाला का? किती गुण?” संपला फोन. विश्वास आहे, संवाद नाही. फोनचा वार ठरलेला असावा, म्हणजे मूल वाट बघत ताटकळत नाही. गुणांचा विषय शेवटी काढावा. बाकावरच्या मैत्रिणीचं नाव आईला ठाऊक असावं, आणि भांडण झालं असेल तर निवाडा न करता ते पूर्ण ऐकून घ्यावं.

शिक्षकांच्या हातात बाक आहेत. डोळ्यांवर ताण नको म्हणून अनेक वर्गांत रांगा आलटूनपालटून सरकवतात, तेव्हा जोडी टिकते. नुसत्या गुणांवरून ती मोडली, तर घरापासून दूर असलेल्या मुलीचा रोजचा आधारच जातो.