मॉन्ट्रिऑल रॉयल्स : खेळाडू घडवणारा, पण स्वतःचा नसलेला संघ

मंडळी, अमेरिकन बेसबॉलमध्ये मेजर लीग ही सर्वांत वरची पातळी आणि मायनर लीग तिच्याखालची. पण मायनर लीगचा संघ म्हणजे आपल्याकडचा रणजी संघ नव्हे. रणजीचा खेळाडू आपल्या राज्यासाठी खेळतो. मायनर लीगमधला खेळाडू वरच्या पालक संघाच्या करारात असतो, आणि ऐन मोसमात त्याला कधीही वर बोलावलं जातं. कॅनडातल्या मॉन्ट्रिऑल शहराचा रॉयल्स १९३९पासून ब्रुकलिन डॉजर्स या मेजर लीग संघाचा असा संघ होता. त्याची भरभराट याच नात्यामुळे झाली आणि शेवटही यानेच केला.

तेव्हा मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना घेत नसत. १९४६मध्ये डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला थेट ब्रुकलिनला न नेता आधी मॉन्ट्रिऑलला पाठवलं. अमेरिकेच्या दक्षिणेत सरावाच्या काळातच विरोध सुरू झाला होता. जॅक्सनव्हिलमध्ये तर मैदानाला कुलूपच लावलं गेलं. १८ एप्रिलला जर्सी सिटीत पहिला सामना झाला. पहिल्या खेपेला रॉबिन्सन बाद झाला. दुसऱ्या खेपेला त्याचे दोन साथीदार बेसवर (धाव पुरी करताना गाठायच्या टप्प्यांवर) असताना त्याने होमरन मारला, म्हणजे तिघांच्याही धावा झाल्या. धाव पुरी होते त्या होम प्लेटजवळ गोऱ्या साथीदार जॉर्ज शुबाने पुढे होऊन त्याचा हात हातात घेतला. त्यानंतरच्या खेपेला बंट करून, म्हणजे चेंडू बॅटने हळूच जवळ ढकलून, पहिला बेस, मग दुसऱ्या बेसची चोरी, म्हणजे फटका लागण्याची वाट न पाहता तिकडे पळणं. तिसऱ्या बेसवर पोहोचल्यावर तो पळाल्यासारखं करून थबकायचा. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, इतका गांगरला की त्याच्याकडून बॉक (नियमबाह्य हालचाल) झाला आणि धाव फुकट मिळाली. हे एकदा नाही, दोनदा घडलं! रॉयल्स १४-१ने जिंकले. त्या मोसमात त्याची फलंदाजीची सरासरी .३४९ होती, म्हणजे दर हजार खेपांमागे ३४९ यशस्वी फटके; चोरलेले बेस ४०. ऑक्टोबरमध्ये लुईव्हिलला हरवून रॉयल्सनी लिटल वर्ल्ड सिरीज, म्हणजे मायनर लीगच्या विजेत्यांमधली मालिकाही जिंकली.

१९५४ची गोष्ट उलट आहे. डॉजर्सनी पुढे महान ठरलेल्या रोबेर्तो क्लेमेंटे या तरुण खेळाडूला १० हजार डॉलर बोनस देऊन घेतलं आणि मॉन्ट्रिऑलला पाठवलं. तेव्हाचा नियम असा होता, की बोनस आणि पगार मिळून ४ हजारांवर गेले तर खेळाडूला मेजर लीगच्या संघातच ठेवायचं. खाली पाठवलं, तर मोसमाअखेर इतर संघ त्याला उचलू शकतात. मॉन्ट्रिऑलमध्ये क्लेमेंटेला ८७ सामन्यांत जेमतेम १४८ वेळा फलंदाजी मिळाली. इतर संघांच्या नजरेत येऊ नये म्हणून त्याला मुद्दाम झाकून ठेवलं असं अनेकजण मानतात. रॉयल्सचे मॅनेजर मॅक्स मेकन यांनी मात्र ते नाकारलं. झाकलं असो वा नसो, पिट्सबर्ग या मेजर लीग संघाच्या क्लाइड सुकफर्थ यांनी त्याला सरावातच हेरलं. हेच सुकफर्थ पूर्वी रॉबिन्सनला रिकींपुढे घेऊन आले होते. मेजर लीगच्या गुणतक्त्यात पिट्सबर्ग तळाला असल्यामुळे मोसमाअखेरची पहिली निवड त्यांची होती, आणि क्लेमेंटे गेला. डॉजर्सच्या सगळ्या चुकांत ही मला सर्वांत महागडी वाटते.

१९५८मध्ये डॉजर्स लॉस एंजेलिसला गेले. आता पश्चिमेकडचा स्पोकेन हा मायनर लीग संघ त्यांना सोयीचा होता. मॉन्ट्रिऑल खंडाच्या दुसऱ्या टोकाला पडलं. चांगले खेळाडू येईनात, प्रेक्षक आटले. १९६० हा शेवटचा मोसम ठरला आणि त्यात रॉयल्स तळाला राहिले. १९६१मध्ये फ्रँचायझी, म्हणजे संघाची लीगमधली जागा, अमेरिकेतल्या सिराक्यूजला हलवली गेली. १९६९मध्ये एक्स्पोज हा मेजर लीग संघ येईपर्यंत मॉन्ट्रिऑलला स्वतःचा व्यावसायिक बेसबॉल संघ नव्हता.