अर्धा तास

(दृश्य: फ्रिजचं दार. लिंबांशेजारी छोटी काचेची बाटली.)

सकाळचे 6:40. साताऱ्यातलं एक घर. सातवीतली मुलगी गणवेश घालून, वेण्या घालून तयार आहे. कापसानं बाटलीचं रबर पुसते. लाल टोपणाची सिरिंज, पाण्यासारखं नितळ औषध. सुईच्या टोकाशी आलेल्या थेंबाला वास येतो, दवाखान्याची फरशी पुसल्यावर येतो तसा.

(दृश्य: पोटाची चिमटी, सुई. मुलगी ओठ हलवत दहापर्यंत मोजते.)

तव्यावर भाकरी फुगलीय. पण ती तिला आत्ता मिळणार नाही. "मोठा काटा दोनावर येऊ दे गं बाळा," आई म्हणते. डॉक्टरांनी सांगितलंय, सुई घेतल्यावर अर्धा तास थांबायचं.

टाइप 1 मधुमेह असलेल्या या भुकेल्या पोरीला भाकरीसमोर बसवून ठेवणारं हे औषध, म्हणजे इन्सुलिन, या अर्ध्या तासात करतं तरी काय?

(ॲनिमेशन सुरू)

इन्सुलिनच्या एका रेणूत 51 अमिनो आम्लं. एक माळ 21 मण्यांची, दुसरी 30 मण्यांची, दोन्ही एकमेकींना गंधकाच्या टाक्यांनी शिवलेल्या. बाटलीत मात्र हे रेणू सुटे नसतात. जस्ताभोवती सहा-सहा जण कडं करून बसलेले असतात. तो दवाखान्याचा वास ज्या द्रव्याचा, तेही हे कडं घट्ट धरून ठेवतं. त्यामुळे औषध टिकतं. पण पेशीला धरायची रेणूची जी बाजू, तीच इथे शेजाऱ्याला चिकटलेली असते. कातडीखाली औषध पातळ होऊ लागतं तसं कडं सुटतं. सहाचे दोन-दोन, दोनाचे एक-एक. सुटा झालेला रेणू केशवाहिनीत चटकन शिरतो. मुलीचा अर्धा तास मुख्यतः या सुटण्यात जातो.

(दृश्य: क्ष-किरणांनी उमटलेल्या ठिपक्यांचं जुनं छायाचित्र)

ब्रिटिश शास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांनी इन्सुलिनच्या स्फटिकाचं क्ष-किरण छायाचित्र घेतलं 1935 मध्ये. रेणूची रचना उलगडली 1969 मध्ये. चौतीस वर्षं! त्या शेवटच्या टप्प्यात त्यांच्या ऑक्सफर्डच्या गटात भारतीय शास्त्रज्ञ एम. विजयन होते, पुढे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आलेले. पण ते चित्र कड्यात बसलेल्या इन्सुलिनचं होतं. पेशीला धरताना त्याचा आकार कसा बदलतो, ते मेलबर्नमधल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकारानं 2013 मध्ये दिसलं.

(दृश्य: आईच्या हातातला चिमटा, अगदी जवळून. त्यावरच ॲनिमेशन उमटतं.)

हा चिमटा नीट पाहा. पेशीच्या अंगावर इन्सुलिनचा रिसेप्टर, म्हणजे इन्सुलिनला धरणारं प्रथिन, असाच उभा असतो. डोकं वर, दोन पाय फाकलेले, पेशीच्या आवरणात रोवलेले. इन्सुलिन वरच्या बाजूला येऊन टेकतं. शाळेत आपण कुलूप आणि किल्ली शिकलो, पण ते चित्र इथे अपुरं पडतं, कारण इथे किल्लीही आकार बदलते आणि कुलूपही. 30 मण्यांच्या माळेचं शेवटचं टोक एरवी अंगाशी दुमडलेलं असतं. ते बिजागरीवरच्या झडपेसारखं उघडतं. खालची झाकलेली जागा मोकळी होते आणि रिसेप्टरची एक छोटी पट्टी तिथे सरकून बसते.

चिमटा मिटतो.

पाय जवळ येतात. पेशीच्या आतली त्यांची टोकं एकमेकांच्या आवाक्यात येतात आणि एकमेकांवर फॉस्फेट चढवतात. इन्सुलिन अजून बाहेरच आहे, निरोप मात्र आत पोचला. स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींत ग्लुकोजची दारं इवल्या पिशव्यांत ठेवलेली असतात. ती आता वर येऊन आवरणात बसतात. रक्तातली साखर आत जाऊ लागते.

(दृश्य: भिंतीवरचं घड्याळ. दप्तर. मुलगी पायातल्या मोज्याशी खेळतेय.)

1996 पासून एक वेगळं इन्सुलिन मिळतं, लिस्प्रो. 30 मण्यांच्या माळेतल्या 28 व्या आणि 29 व्या मण्यांची त्यात फक्त अदलाबदल केलीय. तेवढ्यानं रेणूंची एकमेकांवरची पकड सैल होते आणि कडं लवकर सुटतं. रिसेप्टरला धरायची ताकद जवळपास तीच राहते. ते अगदी जेवणाआधी घेता येतं. पण ते महाग, म्हणून या घरात साधंच इन्सुलिन येतं. दोन मण्यांची ही अदलाबदल या फ्रिजपर्यंत पोचायला हवी.

टाइप 1 मधुमेहात स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट होतात. सुई थांबली तर काही दिवसांत जिवावर बेततं. "सुईची सवय लागेल" म्हणणाऱ्या शेजारणींनी एवढं ऐकावं.

(दृश्य: काटा दोनावर. आई ताट पुढे सरकवते. निवेदन नाही.)

(दृश्य: भाकरीचा पहिला तुकडा मोडतानाचा आवाज. वाफ.)