कळीचा कच्चा माल: खाणीच्या पुढची वाट

श्रोतेहो, या टेबलावर एक निकामी झालेली हार्ड डिस्क उघडून ठेवली आहे. तिच्या कोपऱ्यात पोलादी पट्टीवर घट्ट चिकटवलेला, चंद्रकोरीसारखा एक चकचकीत तुकडा दिसतो. ती चकाकी वरच्या निकेलच्या मुलाम्याची. आत निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांपासून बनवलेले चुंबक आहे, खडूसारखे ठिसूळ आणि तरीही विलक्षण ताकदीचे. विजेवर चालणाऱ्या मोटारीत असे चुंबक किलो-दोन किलो लागते आणि गिअरशिवाय चालणाऱ्या मोठ्या पवनचक्कीत दर मेगावॉटमागे शेकडो किलो.

या चुंबकाचा जन्मच एका टंचाईतून झाला. 1978 साली तेव्हाच्या झाईरमधील, म्हणजे आजच्या काँगोमधील, शाबा प्रांतात बंडखोर घुसले आणि जगाला कोबाल्ट पुरवणाऱ्या सर्वांत मोठ्या भागातले काम विस्कळीत झाले. भाव कित्येक पटींनी चढले. लाउडस्पीकरचे उत्पादक कोबाल्टयुक्त चुंबक सोडून साध्या फेराइटच्या, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडपासून बनणाऱ्या, चुंबकांकडे वळले, तर अधिक ताकदीचे चुंबक हवे असणाऱ्यांनी कोबाल्टविना मार्ग शोधायला घेतला. त्यातूनच 1980च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हे निओडिमियम चुंबक घडवले. कोबाल्टची अडचण सुटली, पण तिच्या जागी दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांची, म्हणजे निओडिमियम ज्या गटात मोडते त्या धातूंची, अडचण येऊन बसली. 2010च्या सप्टेंबरमध्ये एका सागरी वादानंतर चीनमधून जपानकडे जाणारा हा माल खोळंबला, तेव्हा तिची पुरती जाणीव झाली. पर्यायी पदार्थ शोधणे आवश्यकच आहे. मात्र एक पदार्थ टाळताना आपण दुसऱ्या कोणत्या पुरवठादाराच्या हाती जातो, हे त्याच वेळी तपासले पाहिजे.

‘दुर्मिळ’ हा शब्द येथे दिशाभूल करतो. या गटातले सीरियम भूकवचात साधारण तांब्याइतके आढळते. खरी अडचण खणण्यापेक्षा वेगळे करण्यात आहे. ही मूलद्रव्ये रासायनिक गुणधर्मांनी इतकी सारखी असतात की, आम्लात विरघळवलेले मिश्रण सेंद्रिय द्रावकाबरोबर टाक्यांच्या लांबच लांब रांगेतून, शेकडो टप्प्यांत, पुन्हापुन्हा घुसळून निवळावे लागते, तेव्हा कुठे निओडिमियम आपल्या शेजाऱ्यांपासून अलग होते. मागे उरते ते आम्लयुक्त, क्षारयुक्त पाणी आणि अनेकदा किरणोत्सारी थोरियम असलेला गाळ. कॅलिफोर्नियातील माउंटन पास ही खाण एके काळी जगात अग्रेसर होती. 1990च्या दशकात तिच्या सांडपाण्याच्या नळातून वारंवार गळती झाली, स्वस्त आयात मालाशी स्पर्धा जमेना आणि 2002 साली खाण बंद पडली. पुढे ती पुन्हा सुरू झाली, तरी तिथला समृद्ध केलेला माल कित्येक वर्षे विलगीकरणासाठी चीनलाच जात राहिला, कारण घुसळण्याच्या त्या टाक्या आणि ते कसब दुसरीकडे फारसे उरले नव्हते. तोवर इनर मंगोलियातील बाओटो शहराजवळ गाळाचा अफाट तलाव साचला होता. आपण ज्याला स्वस्त माल म्हणत होतो, त्याच्या किमतीतून हा तलाव वगळलेला होता. पुरवठा शाश्वत करायचा असेल, तर ती किंमत वापरणाऱ्यानेच भरावी लागेल आणि शुद्धीकरणाचे काही कारखाने, त्यांच्या गाळाच्या चोख व्यवस्थेसह, आपल्या दारी स्वीकारावे लागतील, असे माझे ठाम मत आहे.

गॅलियम आणि जर्मेनियम या इलेक्ट्रॉनिक उपकरणांत लागणाऱ्या मूलद्रव्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. गॅलियम मिळते ते बॉक्साइटपासून अॅल्युमिना (अॅल्युमिनियमचा कच्चा माल) करताना, आणि जर्मेनियम मुख्यतः जस्ताच्या शुद्धीकरणाच्या ओघात. त्यामुळे भाव कितीही चढला तरी केवळ गॅलियमसाठी कोणी अॅल्युमिना वाढवत नाही. चीनने 2023च्या ऑगस्टपासून दोन्हींच्या निर्यातीला परवाना लावला. मात्र पुष्कळ अॅल्युमिना कारखान्यांत हे गॅलियम वेगळे न काढताच सोडून दिले जाते. ते काढण्याची यंत्रणा बसवायला कारखानदाराला हवी असते बरीच वर्षे टिकणारी खरेदीची हमी, आणि ती देण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही. दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या बाबतीत जपानने ते केले: 2011 साली तिथल्या सरकारी संस्थेने आणि एका व्यापारी कंपनीने मिळून ऑस्ट्रेलियातील लायनस या खाण कंपनीत पैसे घातले आणि त्या बदल्यात दीर्घ मुदतीचा पुरवठा पक्का केला.

युरोपीय संघाच्या 2024च्या कायद्याने 2030साठी उद्दिष्टे घातली आहेत: सामरिक महत्त्वाच्या कच्च्या मालाच्या वार्षिक गरजेपैकी किमान 10 टक्के उत्खनन, 40 टक्के प्रक्रिया आणि 25 टक्के पुनर्वापर संघातच व्हावा, आणि कोणत्याही एका बाहेरच्या देशावरचे अवलंबित्व 65 टक्क्यांपुढे जाऊ नये. यातला पुनर्वापराचा आकडा मला सर्वांत अवघड वाटतो, कारण दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांपैकी जेमतेम एक टक्का आज परत येतो. शिशाच्या बॅटऱ्या परत येतात, कारण त्या जड असतात, ओळखू येतात आणि भंगारवाला त्यांचे पैसे देतो. हार्ड डिस्क मात्र चुराड्याच्या यंत्रात जाते. चुंबकाचा भुगा तिथल्या पोलादाच्या तुकड्यांना चिकटून भट्टीत पोहोचतो आणि निओडिमियम टाकाऊ धातुमळीत हरवते. म्हणूनच याच कायद्यातली एक साधी तरतूद मला मोलाची वाटते: ठरावीक उत्पादनांवर, आत कायमस्वरूपी चुंबक आहे का आणि कोणत्या प्रकारचे, हे सांगणारी खूण असावी लागणार आहे. ही हार्ड डिस्क मी स्वतः उघडली. स्क्रू पाच मिनिटांत निघाले, पण डिंकाने बसवलेले चुंबक पट्टीपासून सोडवताना त्याचा कोपरा तुटला. तो तुकडा या कागदावर वेगळा ठेवला आहे. जवळ येऊन पाहा.