जमीन विकून चाललेले सरकार

मित्रहो, निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘जहाजे, जमीन आणि मेंढ्या’ असा छापला आहे. माझ्या मते हा एकच विषय आहे, आणि तेच सांगायला मी उभा आहे. न्यूझीलंडचा इतिहास लिहिताना बंदरांचे प्रकरण वेगळे, शेतसाऱ्याचे वेगळे आणि लोकरीचे वेगळे पाडण्याची रीत आहे. त्यामुळे तिथली प्रांतिक सरकारे आली कशी, चालली कशी आणि तेवीस वर्षांत गेली कशी, हे वाचणाऱ्याला उमगतच नाही. ही माझी जुनी तक्रार आहे.

न्यूझीलंडला राज्यघटना देणारा १८५२ चा ब्रिटिश पार्लमेंटचा कायदा आपल्याला माहीत आहे. त्याने सहा प्रांत पाडले: ऑकलंड, न्यू प्लिमथ, वेलिंग्टन, नेल्सन, कँटरबरी आणि ओटागो. प्रत्येकाला निवडून आलेला सुपरिंटेंडंट आणि त्याचे कौन्सिल. त्याच काळात आपल्या मुंबई इलाख्याचा गव्हर्नर लंडनहून नेमून येत होता, आणि तिकडे वसाहतवाले आपला कारभारी मतदानाने निवडत होते. मतदानाला मालमत्तेची अट होती. तिथले मूळ रहिवासी माओरी; त्यांची जमीन सामायिक असल्यामुळे त्यांच्यातले बहुतेक जण बाहेरच राहिले. हा मुद्दा शेवटी पुन्हा येईल.

मी कँटरबरी घेतो, कारण तिथे सगळे स्वच्छ दिसते. डिसेंबर १८५० मध्ये लिटल्टन बंदरात चार जहाजे लागली: शार्लट जेन, रँडॉल्फ, सर जॉर्ज सेमूर आणि क्रेसी. ती पाठवणाऱ्या कँटरबरी असोसिएशनने जमिनीचा भाव ठेवला होता एकरी तीन पौंड. त्या तीन पौंडांची विभागणी पाहा. जमिनीची किंमत म्हणून फक्त दहा शिलिंग, म्हणजे अर्धा पौंड. दहा शिलिंग मोजणी आणि किरकोळ खर्चाला, एक पौंड चर्च आणि शाळांना, आणि राहिलेला एक पौंड मजुरांना जहाजाने आणायला. म्हणजे जमिनीचा प्रत्येक एकर विकला गेला की कुणाच्या तरी प्रवासभाड्याला हातभार लागे. पुढे प्रांत आला तरी जमिनीच्या पैशावर जहाजाने माणसे आणण्याची ही पद्धत टिकली. १८५६ मध्ये ठरले की जमिनीचे उत्पन्न प्रांतांनीच ठेवायचे, आणि कँटरबरीने भाव ठेवला एकरी दोन पौंड. इतर ठिकाणी दहा शिलिंगांनाही एकर मिळत होता.

आता मेंढ्या. विकली न गेलेली जमीन चराईसाठी भाडेपट्ट्याने दिली जाई. अशा एकेका पट्ट्याला ‘रन’ म्हणत आणि तो हजारो एकरांचा असे. इथे मला जेम्स मॅकेन्झीची गोष्ट सांगू द्या. आपल्यापैकी जे टेकापो तलावाला जाऊन आले असतील त्यांनी तिथला मेंढीकुत्र्याचा पुतळा पाहिला असेल. फोटोही काढला असेल, सगळेच काढतात.

मार्च १८५५. कँटरबरीच्याच दक्षिण भागातल्या तिमारूजवळ ऱ्होड्स बंधूंचा ‘लेव्हल्स’ नावाचा मोठा रन होता. तिथून हजार मेंढ्या गायब झाल्या. एक नाही, दोन नाही, हजार! मुकादम जॉन साइडबॉटम माग काढत निघाला. त्याच्याबरोबर टायको आणि सेव्हनटीन या नावांनी नोंदलेले दोन माओरी मेंढपाळ होते. माग लागला तो डोंगरातल्या एका खिंडीत. मेंढ्या तिथे होत्या, आणि त्यांच्याबरोबर एक स्कॉटिश माणूस आणि एक कुत्री, फ्रायडे. माणसाला पकडले, पण रात्री तो निसटला आणि पायी लिटल्टनला पोचला. शंभर मैलांची वाट, नद्यांना पूल नाहीत! तिथे पोलिसांनी त्याला एका माळ्यावर झोपलेला पकडला. खटला चालला, पाच वर्षे सक्तमजुरी झाली. मेंढ्या हाकायला आपल्याला भाड्याने ठेवले होते, असे त्याचे म्हणणे होते. तुरुंगातूनही तो पळाला आणि पुन्हा सापडला. मग खटल्यातल्या त्रुटी पुढे आल्या आणि जानेवारी १८५६ मध्ये त्याला माफी मिळाली. त्यानंतर तो कुठे गेला याचा पत्ता नाही.

ही गोष्ट नेहमी त्या इमानी कुत्रीची म्हणून सांगतात. मला तीत दिसते ती खिंड. खिंडीपलीकडे गवताचे प्रचंड पठार पसरले होते आणि वसाहतवाल्यांना त्याची नीट माहितीही नव्हती. चोरीच्या तपासामुळे ते गाजले आणि दोन-चार वर्षांत तिथे भाडेपट्टे पडू लागले. आज त्या प्रदेशाला मॅकेन्झीचेच नाव आहे. नवल वसाहतवाल्यांना वाटले. टायको आणि सेव्हनटीन यांच्या लोकांच्या वाटा तिथून आधीपासून जात होत्या.

ओघात आपल्याकडचा एक धागा. मुरादाबादला न्यायाधीश असलेले जॉन क्रॅक्रॉफ्ट विल्सन १८५४ मध्ये हिंदुस्थानी नोकरांसह कँटरबरीला आले, रनवाले झाले आणि कौन्सिलातही बसले. प्रांताची राजधानी क्राइस्टचर्च, तिथल्या ज्या डोंगरउताराला त्यांनी ‘कॅशमिअर’ म्हटले, तिथे त्या नोकरांसाठी बांधलेले दगडी घर आजही आहे. विल्सनांचे चरित्र मिळते. त्या नोकरांचे कुणीतरी तरुण अभ्यासकाने लिहावे. मी हे कळकळीने सांगतो आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटे उरली आहेत. मुख्य मुद्दा भराभर मांडतो.

लोकर क्राइस्टचर्चकडून लिटल्टन बंदराला न्यायची तर मध्ये जुन्या ज्वालामुखीचा कडा. एक तर घोड्याच्या पायवाटेने डोंगर चढा, नाहीतर सम्नरच्या धोकादायक वाळूच्या दांड्यावरून छोट्या बोटींनी माल न्या. दुसरे सुपरिंटेंडंट मुरहाउस यांनी बोगद्याचा ध्यास घेतला. १८६१ ला काम सुरू झाले. कठीण खडक लागताच पहिल्या कंत्राटदाराने अंग काढले, मेलबर्नचा दुसरा आणला. डिसेंबर १८६७ मध्ये २.६ किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी धावली. काही लाखांच्या वस्तीच्या नव्हे, काही हजारांच्या वसाहतीचे हे धाडस! जमीनविक्रीच्या भरवशावरच ते करता आले.

आणि त्याच विक्रीत खोट होती. भाडेपट्ट्याची जमीन कुणीही येऊन दोन पौंडांनी विकत घेऊ शके, याची रनवाल्यांना धास्ती. नियम असा की वीस एकरांपेक्षा लहान तुकडा लिलावातच निघेल. मग रनवाला वीस एकर घेई, शेजारी एकोणीस सोडी, पुन्हा वीस घेई. नकाशावर पट्टेच पट्टे! मधले तुकडे गरिबाला थेट घेता येईनात, आणि लिलावात रनवाल्यापुढे तो टिकेना. निम्म्या पैशात सगळे गवत याच्या ताब्यात. नियमाचे एक अक्षर मोडले नाही, आणि तिजोरीला पैसे हवे असल्याने विक्री थांबवायची इच्छाही कौन्सिलला नव्हती. माझा राग आहे तो इथे.

तिमारूची तक्रार वेगळी: जमीन आमची विकता, पैसा क्राइस्टचर्चला खर्चता, आणि आमचा माल अजून लाटांतून होड्यांनी चढवावा लागतो. १८६७ मध्ये तिथल्या स्थानिक बांधकाम मंडळाला जमिनीच्या उत्पन्नातला वाटा द्यावा लागला. तरी लाटा अडवणाऱ्या बांधाचे काम १८७८ ला सुरू झाले, तेव्हा प्रांतच उरला नव्हता.

कारण विकायला जमीन असेल तोवरच हे सरकार श्रीमंत. तारानाकीकडे, म्हणजे आधीच्या न्यू प्लिमथ प्रांताकडे, विकण्याजोगी जमीन थोडी, म्हणून तो कायम कंगाल. साउथलँड १८६१ मध्ये ओटागोपासून फुटला, रेल्वेपायी कर्जात बुडाला आणि १८७० ला परत ओटागोत गेला. १८७० पासून केंद्र सरकारचे खजिनदार ज्युलियस व्होगेल यांनी लंडनच्या कर्जावर रेल्वे आणि माणसे आणायला सुरुवात केली. प्रांत ज्या कामांसाठी होते ती कामेच केंद्राने घेतली. १ नोव्हेंबर १८७६ ला प्रांत बरखास्त झाले.

आणि मघाचा माओरींच्या जमिनीचा मुद्दा. कँटरबरीने एकरी दोन पौंडांनी विकलेली जमीन आली कुठून? सरकारच्या वतीने केम्प यांनी केलेल्या १८४८ च्या खरेदीकरारातून. दक्षिण बेटाचा फार मोठा भाग अवघ्या २,००० पौंडांना, आणि तिथल्या नाय ताहू या माओरी लोकांना कबूल केलेल्या राखीव जमिनी तुटपुंज्या. बोगदा, बंदर, जहाजांचे भाडे या साऱ्याचे भांडवल इथले आहे. त्या लोकांनी दाद मागणे थांबवले नाही. १९९८ मध्ये तडजोडीचा कायदा झाला, सरकारने माफी मागितली आणि १७ कोटी डॉलर दिले.

वेळ संपली. साउथलँडच्या लाकडी रुळांबद्दल ज्यांनी चिठ्ठी पाठवली आहे, त्यांच्यापासून प्रश्नांना सुरुवात करू.