गोगलगाय, पोटातला पाय आणि एक काळी रेघ

नमस्कार श्रोतेहो.

‘गोगलगाय आणि पोटात पाय’ असं आपण एखाद्या माणसाबद्दल म्हणतो. वरून गरीब, आतून बेरकी. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, तेव्हा मृदुकाय प्राण्यांचा धडा याच म्हणीनं सुरू करायचे, कारण ती अक्षरशः खरी आहे. गोगलगाय ज्या गटात येते त्याचं मराठी शास्त्रीय नावच मुळी ‘उदरपाद’. पोट तोच पाय. पण या म्हणीचा खरा हिसका मला बसला तो निवृत्तीनंतर, अंदमानात, पाण्याखाली दहा-बारा मीटरवर.

आता ज्याला आपण स्वराज द्वीप म्हणतो, त्या हॅवलॉक बेटावर मी आणि माझा भाचा स्कूबा डायव्हिंगला गेलो होतो. भाचा कॉम्प्युटरवाला. प्राणिशास्त्राशी त्याचा संबंध सुरमई आणि पापलेट यांच्यापुरता. प्रवाळाच्या एका खाचेजवळ मला काहीतरी निळं-काळं-पिवळं दिसलं. जेमतेम दोन इंच. मी हातवारे करून त्याला बोलावलं, फोटो काढला आणि वर बोटीत आल्यावर मास्क काढायच्या आधीच जाहीर केलं, “फिलिडिया व्हेरिकोसा! समुद्री गोगलगाय. पाठ्यपुस्तकातून उचलून ठेवल्यासारखी!”

ती कशी असते ते आधी सांगते. रेडिओवर फोटो दाखवता येत नाही, तेव्हा तुम्ही डोळ्यांसमोर एक छोटं कारलं आणा. बोटाएवढं, थोडं चपटं. रंग काळा. त्याच्या पाठीवर लांबीच्या दिशेनं निळसर-करड्या रंगाचे उंचवटे, आणि त्यांवर ओळीनं फोड. प्रत्येक फोडाचं टोक पिवळं, काडीनं हळदीचा ठिपका दिल्यासारखं. फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क यांनी 1801 मध्ये तिला ‘व्हेरिकोसा’ नाव दिलं. पायावरच्या शिरा फुगतात, त्या ‘व्हेरिकोज व्हेन्स’ आपल्या घराघरात माहीत आहेत. तोच हा शब्द. दोनशे वर्षांपूर्वी ठेवलेलं नाव आजही पेशंटच्या तोंडी शोभून दिसतं, याची मला गंमत वाटते.

तांबड्या समुद्रापासून आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून थेट हवाईपर्यंत, उष्ण समुद्रातल्या प्रवाळखडकांवर ही राहते. हिला शंख नाही. म्हणजे घर नाही, दार नाही, पळायला वेग नाही, आणि तरी ही बाई भर दिवसा उघड्यावर, नटूनथटून फिरते. कोणाच्या जिवावर? तर स्पंजाच्या. स्पंज हेच तिचं अन्न. इतर बहुतेक गोगलगाईंच्या तोंडात खरवडायला कानशीसारखी दातांची पट्टी असते, हिच्याकडे तीही नाही. ही घशाचा भाग बाहेर काढून स्पंजावर टेकवते, तिथंच पाचकरस सोडते आणि तयार झालेलं सूप ओढून घेते. त्या सुपातून स्पंजाचं विषही येतं, ते ती स्वतःच्या अंगात साठवते.

1963 मध्ये जोहान्स या संशोधकानं लिहून ठेवलं, की या गोगलगाईला डिवचलं की ती जो चिकट द्रव सोडते, त्यानं मासे आणि खेकडे-कोळंबीच्या जातीचे प्राणी मरतात. पुढे 1975 मध्ये हवाई विद्यापीठातल्या पॉल शॉयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या विषाची रासायनिक रचना उलगडली. तेच रसायन त्यांना ती खाते त्या स्पंजातही सापडलं. हवाईतल्या ओआहू बेटावर पुपुकेआ नावाची जागा आहे, त्या जागेचं नाव त्यांनी रसायनाला दिलं: नऊ-आयसोसायनोपुपुकेआनेन. एका दमात म्हणून बघा. मला तिसऱ्या खेपेला जमलं.

तर बोटीत मी हे सगळं भाच्याला ऐकवत होते. तो कॅमेऱ्यातला फोटो दोन बोटांनी मोठा करत बसला होता. म्हणाला, “मावशी, गोगलगाईला शिंगं असतात ना? हिची कुठायत?”

मी म्हटलं, आत घेतली असतील. ती घेता येतात तिला, खोटं नाही. या शिंगांवर डोळे नसतात बरं का, बागेतल्या गोगलगाईसारखे. समुद्री गोगलगाय शिंगांनी वास घेते. हिची दोन्ही शिंगं पिवळी असतात, बारीक घड्या घातलेल्या जपानी पंख्यासारखी, आणि घाबरली की ती दोन खिशांत सरकवते. पण खिसा तरी दिसायला हवा! मी चष्मा लावला. खिसेही नव्हते. दोन्ही टोकं सारखीच. आणि पाठीवरचे ते फोड फोड नव्हतेच, मऊ काटे होते, सगळ्या बाजूंनी निघालेले. अंग चपटं नव्हतं, गोल होतं.

श्रोतेहो, ते समुद्रकाकडीचं पिल्लू होतं. पिअर्सनोथुरिया ग्रेफी नावाच्या समुद्रकाकडीचं. मोठेपणी ही फूटभर लांब आणि मळकट तपकिरी होते, तेव्हा तिला कोणी गोगलगाय म्हणणार नाही. पण लहानपणी ती विषारी गोगलगाईचे कपडे घालून वावरते. ज्या माशाला फिलिडियाची चव एकदा कळली आहे, तो हिच्याही वाटेला जाणार नाही, असा यामागचा हिशोब मानला जातो. नातं म्हणाल तर हिचं आणि गोगलगाईचं काहीच नाही. समुद्रकाकडी तारामाशाची भाऊबंद. म्हणजे मी जात चुकले नव्हते, अख्खा संघ, प्राणिसृष्टीतली एक मोठी शाखाच, चुकले होते! आणि चूक दाखवली कोणी, तर ज्यानं बारावीला बायॉलॉजी सोडली होती त्यानं.

असे सोंग घेणारे आणखी आहेत. फिलिडियाची एक चुलतबहीण आहे, फिलिडिएला पुस्तुलोसा. काळं अंग, त्यावर गुलाबी किंवा हिरवट फोडांचे झुबके. तिची हुबेहूब नक्कल करणारा एक चपटा कृमी आहे. 1994 मध्ये त्याचं वर्णन झालं, तेव्हा त्याचं नावच ‘इमिटेटस’ ठेवलं. सरळ नकल्याच.

त्या दिवसापासून मी आधी शिंगं बघते. शिंगं नसली तर पुढं बोलायचंच नाही. शिंगं काळी असली तर ती बहुधा पुस्तुलोसाच्या घरातली. आणि त्या घरात किती जणी एकाच नावाखाली नांदताहेत, हे डीएनए तपासल्यावर आता कुठं कळू लागलंय. शिंगं पिवळी असली तर फिलिडिया. टॉर्च मात्र जवळ हवा. पाण्याखाली लाल रंग सगळ्यात आधी गिळला जातो, गुलाबी फोड करडे दिसतात आणि आपण आपल्या मनात असेल तो रंग भरतो.

पण फिलिडियातही मेख आहे. फिलिडिया सेलेस्टिस ही तिची सख्खी बहीणही निळी, काळी आणि पिवळीच. वरून बघून दोघींत फरक करता येतो, पण पाठीवरची नक्षी प्रत्येक प्राण्यात थोडी इकडेतिकडे होते, आणि कोवळ्या वयात तर फारच. पक्की खूण खाली आहे. व्हेरिकोसाच्या तळव्याच्या मधोमध एक काळी रेघ असते, शाळेच्या वहीत पट्टीनं ओढावी तशी. सेलेस्टिसचा तळवा कोरा. पाठीवर एवढा शृंगार, आणि ओळखपत्र ठेवलंय कुठं? तर पोटातल्या पायावर!

मग उलटी करून का बघत नाही, असं तुम्ही विचाराल. काही जण करतातही, काडीनं उपडी पाडून. मला ते पटत नाही. ती खडकाला पायानं धरून असते, सुटली तर लाटेबरोबर कुठं जाईल सांगता येत नाही, आणि एका नावासाठी कोणाचं घरदार उठवायचं? तिला तर ते मुळातच नाही. वहीत ‘फिलिडिया, जात नक्की नाही’ असं लिहायची लाज वाटायचं काही कारण नाही. माझ्या वहीत अशा अकरा नोंदी आहेत.

शेवटच्या दिवशी मात्र नशीब निघालं. एका पुढं आलेल्या प्रवाळाच्या छज्ज्याखाली आम्ही थांबलो होतो. वर दोन खडकांमध्ये चार बोटं फट होती आणि एक निळी-काळी गोगलगाय तिच्या काठावर आली. पुढचं अंग तिनं हवेत, म्हणजे पाण्यात, उचललं आणि पलीकडचा काठ चाचपडत शोधू लागली. पिवळी शिंगं पूर्ण बाहेर होती. भाच्यानं खालून टॉर्च मारला. पायाच्या दोन्ही बाजूंना, झालरीच्या आत दडलेले पानांसारखे कल्ले दिसले, एकाला एक लागून, वहीची पानं उभी दिसतात तसे. आणि मधे ती रेघ. काळी, सरळ. पलीकडचा काठ तिला सापडला, तिनं बाकीचं अंग ओढून घेतलं आणि रेघ दगडावर मिटली. सगळं मिळून मिनिटभर.

मी भाच्याकडे पाहिलं. पाण्याखाली बोलता येत नाही, पण त्यानं दोन्ही हातांची एकेक बोटं मास्कवर शिंगांसारखी उभी केली आणि मान हलवली.

दोन्ही फोटो आता घरी फ्रिजवर शेजारीशेजारी लावलेत. येणारे-जाणारे विचारतात, एकाच प्राण्याचे दोन फोटो कशाला? मी काही सांगत नाही. शिंगं मोजा म्हणते, आणि चहा टाकायला आत जाते.

नमस्कार.