बाळंतपणानंतर पाळी परतलीच नाही

(मध्यवर्ती बसस्थानक, आजऱ्याची एसटी)

या ताईंच्या पिशवीत बर्फाचा डबा आहे. बर्फ आणि औषध यांच्यामध्ये जाड फडकं, कारण हे इंजेक्शन २ ते ८ अंशांत राहायला हवं आणि गोठताही कामा नये. कोल्हापुरातून घेतलेलं हे पेन आता आजऱ्याच्या घाटापर्यंत जपायचंय. आत आहे ग्रोथ हार्मोन. मुलांच्या उंचीसाठी देतात, तेच.

पहिल्या बाळंतपणात ताईंना अतोनात रक्तस्राव झाला. मायलेकरं वाचली. पण अंगावर दूध आलं नाही, पाळीही परतली नाही. 'अशक्तपणा आहे, येईल,' असं सगळे म्हणत राहिले. दुसऱ्या मुलासाठी तपासण्या झाल्या, त्या गर्भाशयाच्याच.

(एमआरआयचा पडदा)

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी असते. गरोदरपणात ती वाढते. बाळंतपणात खूप रक्त जाऊन नेमका तेव्हाच रक्तपुरवठा तुटला, तर तिच्या पेशी मरतात. मग दूध, पाळी, वाढ यांना लागणारी तिची हार्मोन्स कमी पडतात. ब्रिटिश डॉक्टर हॅरॉल्ड शीहान यांनी हे १९३७ साली मांडलं. म्हणूनच मूल होत नाही म्हणून आलेल्या बाईला पहिल्याच भेटीत विचारायला हवं: बाळंतपणात रक्त किती गेलं? दूध आलं होतं का?

उपचारात क्रम चुकवून चालत नाही. आधी कॉर्टिसॉलची (ताण झेलायला लागणाऱ्या हार्मोनची) गोळी, मग थायरॉइडची. उलट झालं तर जिवावर बेतू शकतं. त्यानंतर बीजकोश, म्हणजे स्त्रीबीज ज्यात पिकतं त्या पिशव्या, वाढवायला एफएसएच आणि एलएच या पिट्यूटरीच्याच हार्मोन्सची इंजेक्शनं. ग्रोथ हार्मोन त्यांच्या जोडीला. ते आणि त्यामुळे शरीरात तयार होणारं आयजीएफ-१ हे दुसरं हार्मोन बीजकोशातल्या पेशींना एफएसएचला नीट प्रतिसाद द्यायला मदत करतात.

(सोनोग्राफी)

ही काळी वर्तुळं म्हणजे बीजकोश. डॉक्टर एकेकाचं माप घेताहेत. हा १८ मिलिमीटरचा.

(स्वयंपाकघर, रात्र)

जेवणं आवरली की ताई पोटाची कातडी चिमटीत धरतात आणि स्वतःच टोचून घेतात. काल डावीकडे, आज उजवीकडे. एकाच जागी रोज टोचायचं नसतं. सासूबाई पेन पुन्हा फ्रिजमध्ये ठेवतात, दारातल्या कप्प्यात नाही, आत.

ज्यांच्यात ग्रोथ हार्मोन मुळातच कमी आहे, त्यांचीच ही गोष्ट. आयव्हीएफमध्ये (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात) ते सरसकट दिल्यानं बाळं जास्त होतात, असं सिद्ध झालेलं नाही. खर्च मोठा आहे, आणि खात्री इथंही नाही.

गर्भ राहिला की हे पेन सहसा बंद करतात. वार, म्हणजे गर्भाला पोसणारी प्लासेंटा, स्वतःचं ग्रोथ हार्मोन तयार करते. कॉर्टिसॉल आणि थायरॉइडच्या गोळ्या मात्र गरोदरपणातही चालू, नंतरही.