पाइप तुंबला की प्रोग्रॅम का अडकतो

आज एकाच गोष्टीवर बोलणार आहे, आपल्या प्रोग्रॅममधून दुसरी कमांड चालवायची आणि तिचं आउटपुट हातात घ्यायचं. पायथॉन धरून बोलतो कारण इथे बहुतेक जण तेच वापरतात, पण खाली लिनक्स सगळ्यांना सारखंच आहे.

मागे एका कामासाठी मी स्क्रिप्ट लिहिली होती, रात्रभर एफएफएमपेग ही कमांड चालवून व्हिडिओ कन्व्हर्ट करायची. छोट्या फाइली पटापट व्हायच्या आणि मोठी फाइल आली की सगळं ठप्प. एरर नाही, सीपीयू शून्यावर, मेमरी ठीक, सकाळी येऊन बघावं तर स्क्रिप्ट तिथेच उभी. चार दिवस मी एफएफएमपेगमध्येच दोष शोधत बसलो आणि चूक माझ्या कोडमध्ये होती. कमांड सुरू करणाऱ्या पायथॉनच्या पीओपनला मी स्टडआउट पाइप, स्टडएरर पाइप असं दिलं होतं, म्हणजे कमांडचं नेहमीचं आउटपुट आणि तिचे एरर-संदेश दोन्ही पाइपमधून माझ्याकडे यावेत, आणि पुढच्याच ओळीत वेट, म्हणजे कमांड संपेपर्यंत थांब. वाचत कोणीच नव्हतं.

आता पाइप म्हणजे काय ते बघा. डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्ये एका टिपणात लिहून ठेवलं होतं की प्रोग्रॅम एकमेकांना बागेतल्या पाण्याच्या नळीसारखे जोडता आले पाहिजेत, आणि १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी ते युनिक्समध्ये आणलं. नळीची उपमा अगदी बरोबर आहे, फक्त ही नळी म्हणजे कर्नलमधला, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, एक बफर, तात्पुरती साठवणीची जागा आहे आणि लिनक्सवर तिच्यात साधारणपणे ६५,५३६ बाइट मावतात, म्हणजे ६४ केबी. भरली की लिहिणारा प्रोग्रॅम थांबतो, पलीकडून कोणी वाचेपर्यंत. एफएफएमपेग आपली प्रगती स्टडएररवर लिहितो, साधारण अर्ध्या सेकंदाला एक ओळ, शंभरेक बाइटची. हिशोब करा, पाच-सहा मिनिटांत नळी भरली. मग तो माझी वाट बघतोय की हा वाचेल, मी त्याची वाट बघतोय की हा संपेल, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर! यालाच डेडलॉक म्हणतात.

हे तुम्हाला दाखवतोच, स्क्रीनकडे बघा. चाइल्ड प्रोग्रॅम, म्हणजे माझ्या प्रोग्रॅमने सुरू केलेला प्रोग्रॅम, एक्स हे अक्षर ६५,५३५ वेळा प्रिंट करतोय, प्रिंट शेवटी न्यूलाइनचा एक बाइट घालतो, झाले बरोबर ६५,५३६. वेट लगेच परत आला. आता आकड्यात फक्त एक वाढवतो... बघा, अडकला. एका बाइटसाठी. म्हणून टेस्टिंगमध्ये हे सापडत नाही, टेस्टचा डेटा नेहमी लहान असतो.

उपाय सोपा आहे, वेटच्या जागी कम्युनिकेट. तो दोन्ही पाइप एकाच वेळी वाचत राहतो, आधी स्टडआउट संपवून मग स्टडएरर असं करत नाही, कारण तसं केलं तर दुसरा पाइप तुंबतोच. त्याहून बरं म्हणजे सबप्रोसेस डॉट रन वापरा, २०१५ च्या पायथॉन ३.५ मध्ये आलं, आणि कॅप्चर आउटपुट हा आउटपुट गोळा करून देणारा पर्याय २०१८ च्या ३.७ पासून आहे. फक्त हे सगळं मेमरीत साठवतं, आउटपुट जीबीमध्ये येणार असेल तर स्टडआउटला सरळ उघडी फाइल द्या.

दुसरी गोष्ट थोडक्यात. शेल म्हणजे टर्मिनलवर टाइप केलेली ओळ वाचून कमांड चालवणारा प्रोग्रॅम, तर कमांड एका स्ट्रिंगमध्ये जोडून शेल ट्रू देऊन त्याच्याकडून चालवू नका, खरंच करू नका. फाइलचं नाव 'आईचा वाढदिवस' असं असलं, मध्ये स्पेस, की शेल त्याचे दोन तुकडे करतो, आणि बाहेरून अपलोड झालेल्या फाइलच्या नावात सेमीकोलन आणि पुढे आरएम, म्हणजे फाइली पुसणारी कमांड, असलं तर तेही तो इमानेइतबारे चालवतो. स्ट्रिंगऐवजी लिस्ट दिली की शेल मध्ये येतच नाही, प्रत्येक आर्ग्युमेंट जसंच्या तसं पोचतं.

आणि एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना देते तो आकडा, बघायचा. शून्य म्हणजे ठीक एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण चेक ट्रू, म्हणजे शून्य नसेल तर एरर दे, हे डोळे मिटून लावू नका, कारण मजकूर शोधणाऱ्या ग्रेपला काही सापडलं नाही तर तो १ देतो आणि ती चूक नाही, ते उत्तर आहे. खरी चूक झाली तर २ येतो. दोन फाइलींमधला फरक दाखवणाऱ्या डिफचंही तसंच, फाइली वेगळ्या असल्या तर १. म्हणजे प्रत्येक कमांडचं मॅन पेज, म्हणजे तिची माहितीपुस्तिका, उघडून एक्झिट स्टेटसचा भाग वाचावा लागतो, त्याला पर्याय नाही, आणि हे मी फार कळकळीने सांगतोय कारण आउटपुट रिकामं आलं म्हणून सगळं ठीक आहे असं धरून चाललेला कोड मी खूप बघितलाय.

मागून प्रश्न आलाय, टाइमआउट, म्हणजे वेळेची मर्यादा, दिला तरी कमांड चालूच राहते, असं का. तुम्ही शेलमधून चालवताय ना, दोन कमांड जोडून? हां. टाइमआउट झाला की पायथॉन आपल्या थेट चाइल्डला मारतो, तो म्हणजे शेल. शेलने सुरू केलेली कमांड नातवंड आहे, तिला कोणी सांगितलंच नाही. शक्य असेल तर शेल काढा. नाहीच जमलं तर पीओपनला स्टार्ट न्यू सेशन ट्रू द्या, म्हणजे त्या सगळ्यांचा वेगळा ग्रुप होतो, आणि टाइमआउट आला की ओएस डॉट किलपीजीने अख्ख्या ग्रुपला सिग्नल पाठवा आणि मग परत एकदा कम्युनिकेट करा, नाहीतर पीएस कमांडने दिसणाऱ्या प्रोसेसच्या यादीत झोंबी, म्हणजे संपलेली पण यादीतून न गेलेली प्रोसेस, दिसत राहील.